करड्या छटांचा ताळेबंद

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडू लागले, की सिंधुदुर्गातील सड्यांवर थोडे दिवस एक विलक्षण रंगसंगती दिसते. खाली तांबडा जांभा, त्यावर अजून न वाळलेले हिरवे गवत आणि वर धुतल्यासारखे निळे आकाश. असा देखावा रंगीत टिपावा, हे सांगायला कोणा जाणकाराची गरज नाही. तोच देखावा कृष्णधवल केला, तर मात्र बहुतेकांच्या पदरी निराशा येते. जांभा आणि गवत एकाच करड्या रंगात मिसळून जातात, ढग आणि आकाश यांतला फरक उरत नाही आणि सारे चित्र राखेत लोळल्यासारखे दिसते. हा दोष कॅमेऱ्याचा नसतो, देखाव्याचाही नसतो. तो हिशेबाचा असतो. आणि हिशेबाची भाषा व्यापारी घरांना परकी नाही.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून ओरोस येथील एका व्यापारी कुटुंबाची कल्पना करावी. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि पुढे ओरोसला मुख्यालयाची सिंधुदुर्गनगरी वसू लागली. त्या सुमारास आजोबांनी महामार्गालगत दुकान थाटले. दरवर्षी ग्राहकांना दिनदर्शिका देण्याचा दुकानाचा प्रघात आहे. यंदा आजोबांच्या मनात आले, की बाजारात सर्वत्र मिळणारे रंगीबेरंगी चित्र नको. आपल्याच मुलखाचे एक कृष्णधवल चित्र असावे. पाचशे प्रती छापायच्या होत्या. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या नातवाकडे चांगला डिजिटल कॅमेरा होता. एका रविवारी दुपारी दोघे कसालमार्गे मालवणला निघाले. वाटेत एका सड्यावर तांबड्या चिऱ्यांचा गडगा आणि त्याला टेकून वाढलेले गवत दिसले. ते नातवाने टिपले. सायंकाळी मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ला टिपला. घरी येऊन संगणकावर दोन्ही चित्रांतील रंग एका कळीसरशी काढून टाकले, आणि दोन्ही चित्रे फसली.

पहिल्या चित्राचे काय झाले, हे आकड्यांनी पाहणे सोपे जाते. डिजिटल चित्रातील प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे नोंदलेले असतात. नेहमीच्या चित्रात प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. शून्य म्हणजे अंधार आणि २५५ म्हणजे पूर्ण उजेड. चित्र कृष्णधवल करताना या तीन आकड्यांचा मिळून एक आकडा करावा लागतो. मानवी डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद भासतो. म्हणून रूढ पद्धतीत लालचे सुमारे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन बेरीज करतात.

आता गडग्याच्या तांबड्या चिऱ्याचे आकडे अनुक्रमे १५०, ८० आणि ६० आहेत असे समजावे, आणि गवताचे ८०, १२० आणि ५०. रूढ प्रमाणाने चिऱ्याची बेरीज ९९ येते आणि गवताची १००. डोळ्यांना जे दोन टोकांचे रंग वाटले, ते कागदावर एका अंकाच्या फरकाने शेजारी बसले. गडगा गवतात हरवला तो असा. दोन भिन्न खात्यांची रक्कम योगायोगाने सारखी निघाली आणि हिशेबनिसाने दोन्ही खाती एकच मानली, असाच हा प्रकार आहे.

उपाय सोपा आहे. रंग सरसकट काढून टाकण्याऐवजी चॅनेल मिक्सर नावाचे साधन वापरावे. विनामूल्य मिळणाऱ्या गिंप आणि डार्कटेबल या प्रणालींत तशी सोय आहे. मोबाइलवरील स्नॅपसीडमध्ये रंगीत फिल्टरच्या रूपाने त्याचे सोपे रूप मिळते. चॅनेल मिक्सरमध्ये तिन्ही रंगांचे प्रमाण आपण ठरवतो. लाल ६० टक्के, हिरवा ३० टक्के आणि निळा १० टक्के असे ठेवले, तर त्याच चिऱ्याची बेरीज १२० होते आणि गवताची ८९. एकतीस अंकांचे अंतर पडले. गडगा उजळून पुढे आला आणि गवत मागे सरले. आकाशाचे आकडे १२०, १६० आणि २१० धरले, तर रूढ पद्धतीत ते १५४ येते आणि नव्या प्रमाणात १४१; म्हणजे आकाश थोडे गडद होते. पांढऱ्या ढगाचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखेच असल्यामुळे तो मात्र जागचा हलत नाही. परिणामी ढग आकाशातून सुटा दिसू लागतो.

येथे एक पथ्य आहे. तिन्ही टक्क्यांची बेरीज शंभरच्या आसपास राहावी. ती फार वाढली, तर ढगांतील बारीक छटा पांढऱ्यात बुडतात. फार घटली, तर सारे चित्र काळवंडते. दुसरे असे, की आकाश अधिक नाट्यमय करण्याच्या मोहाने लाल फार वाढवून निळा उणे करू नये. निळ्या चॅनेलमध्ये अनेकदा दाणेदारपणा अधिक असतो. त्याची अशी ओढाताण केली, की आकाशावर वाळू पसरल्यासारखी दिसते आणि गडद छटांचे पट्टे पडतात.

ही अडचण डिजिटल युगाने आणलेली नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकारांपैकी एक होते. त्या काळच्या काचांवरील रसायनाला मुख्यतः निळा प्रकाशच जाणवत असे. साहजिकच निळे आकाश काचेवर अतोनात उजळ उमटे आणि कागदावर कोरे पांढरे येई, तर तांबडी माती व हिरवी झाडे काळी पडत. कोकणातील तांबडा जांभा त्या काचेवर कोळशासारखा आला असता. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे घेतली, तेव्हा काही चित्रांसाठी समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच वापरून दोन्हींचा मिळून एक कागद छापला. पुढे १८७३ साली जर्मन रसायनतज्ज्ञ हेरमान फोगेल याने काचेच्या थरात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून तिला हिरव्या प्रकाशाचीही जाणीव देता येते, हे दाखवून दिले. रंगांचे करड्यात रूपांतर कोणत्या प्रमाणात करावे, हा प्रश्न असा दीडशे वर्षांहून जुना आहे. पूर्वी तो रसायनावर आणि भिंगापुढील रंगीत काचेवर अवलंबून होता. आता तो बसल्या जागी सोडवता येतो, एवढाच फरक.

आता दुसरे चित्र. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर प्रारंभ झाला. मालवणच्या किनाऱ्यावरून पाहिले, की हे बेट पश्चिमेस येते. सायंकाळी सूर्य किल्ल्याच्या मागे असतो. आपल्याकडे येणारी तटाची बाजू सावलीत आणि मागचे आकाश झगझगीत. नातवाच्या चित्रात तट काळ्या पट्टीसारखा आला आणि आकाशाचा मोठा भाग २५५ या अंकावर जाऊन थांबला.

अशा वेळी हिस्टोग्राम पाहण्याची सवय असावी. हिस्टोग्राम म्हणजे चित्रातील छटांचा तक्ता. डावीकडे काळ्या, मध्ये करड्या आणि उजवीकडे पांढऱ्या छटा किती आहेत, हे त्यात उंच-सखल रेषेने दिसते. ही रेषा उजव्या भिंतीला चढून उभी राहिली, तर उजेडाचा तो भाग नोंदलाच गेला नाही असे समजावे. तिन्ही आकडे २५५ झालेल्या जागेत ढग होता की नाही, हे चित्राला ठाऊक नसते. सरक कळ कितीही खाली ओढली, तरी तेथे ढग उमटत नाही. पांढऱ्याच्या जागी सपाट राखाडी येते, इतकेच.

सावलीची बाजू मात्र काहीशी वेगळी आहे. काळ्या दिसणाऱ्या तटात पुष्कळदा काही नोंद शिल्लक असते, पण ती तुटपुंजी असते. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये १२ बिटच्या हिशेबाने ४,०९६ पायऱ्या असतात. मात्र त्या सर्व छटांना सारख्या वाटल्या जात नाहीत. सर्वांत उजळ टप्प्याला त्यातील निम्म्या, म्हणजे २,०४८ पायऱ्या मिळतात. त्याखालच्या, निम्म्या उजेडाच्या टप्प्याला १,०२४. मग ५१२, २५६, १२८ अशा त्या घटत जातात. खोल सावलीच्या वाट्याला चिल्लर उरते. म्हणून सावली फार उजळवली, की तिच्यातील खरखर वर येते. चित्र टिपतानाच उजेडाची बाजू भिंतीला न टेकता जितकी उजवीकडे नेता येईल तितकी न्यावी, हा नियम यातूनच निघतो. चित्र शक्य तर रॉ स्वरूपात साठवावे, हा दुसरा. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाला केवळ २५६ पायऱ्या राहतात आणि बाकीची शिल्लक कॅमेराच परस्पर निकालात काढतो.

नातवाने चित्राकडे पाहून एक उपाय सुचवला. मोबाइलमधील एका ॲपमध्ये तयार आकाशे मिळतात.

“आजोबा, ढगांचं एक छान आकाश वर बसवून देऊ का? कोणाला कळणारही नाही.”

आजोबांनी चष्मा काढून हातात घेतला. “कोणाला कळणार नाही, हे कारण आपल्या दुकानात कधी चाललं आहे का रे? त्या संध्याकाळी मालवणला जे ढग नव्हते, ते आपल्या ग्राहकाच्या भिंतीवर वर्षभर कशाला टांगायचे?”

“पण आजोबा, आकाश गडद केलं, गडगा उजळ केला, तेही बदलच ना?”

प्रश्न रास्त होता. या साऱ्या विषयाचा गाभाच त्यात आहे. संपादन करावे की नाही, हा वाद व्यर्थ आहे, कारण रंगांचे करड्यात रूपांतर करणे हेच मुळात संपादन आहे. कॅमेरा स्वतः ते करतो, तेव्हाही कोणा अभियंत्याने ठरवलेले प्रमाणच लागू होते. खरा भेद वेगळ्या ठिकाणी आहे. रॉ फाइल ही कीर्द आहे. त्या क्षणी जो उजेड आला, तो तिच्यात नोंदला गेला. चॅनेलचे प्रमाण बदलणे, छटा वरखाली करणे ही खतावणी आहे. कोणती नोंद कोणत्या खात्यात आणि कोणत्या क्रमाने मांडावी, हे तेथे ठरते. खतावणी नीट असेल तर ताळेबंद वाचणाऱ्याला बोलका वाटतो. परंतु कीर्दीत नसलेली रक्कम खतावणीत आली, की तिला दुसरे नाव पडते. ल ग्रे याने दोन काचा जोडल्या, त्या त्याने स्वतः टिपलेल्या होत्या. एका काचेला जे पेलत नव्हते, ते त्याने दोन नोंदींत घेतले. आजही तिपाईवर कॅमेरा ठेवून एकाच देखाव्याच्या कमी-अधिक उजेडाच्या दोन-तीन नोंदी घेता येतात आणि त्या एकत्र करता येतात. त्यांत जमा आपलीच असते. बाजारातून आणलेले आकाश ही मात्र जमा नव्हे.

“तट पूर्वेकडून दिसतो,” आजोबा म्हणाले. “मग पुढच्या रविवारी सकाळी जाऊ. ऊन आपल्या पाठीमागून त्याच्यावर पडेल.”

ते गेले. सकाळच्या उन्हात तटाचे चिरे एकेक करून मोजता येतील असे उठून दिसले. आकाश झगझगीत नव्हते. विरळ ढग होते. नातवाने हिस्टोग्राम पाहून उजेड थोडा कमी ठेवला आणि चित्र रॉ स्वरूपात घेतले. आता संपादनाला आधार मिळाला.

त्यानंतरच्या कामाचा क्रम साधारण असा असावा. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत घ्यावी. प्रथम रंगीत चित्राचा रंगसमतोल नीट करावा. ही पायरी कृष्णधवल करायचे असले तरी चुकवू नये, कारण चॅनेलचे आकडे तिच्यावर अवलंबून असतात. मग चॅनेल मिक्सरने करडे रूपांतर करावे. नंतर लेव्हल्स या साधनाने दोन टोके ठरवावीत: सर्वांत काळी जागा कोणती आणि सर्वांत उजळ जागा कोणती. त्यानंतर कर्व्ह या साधनाने मधल्या छटा मांडाव्यात. कर्व्हची रेषा जेथे तीव्र चढते तेथे छटांमधील अंतर वाढते आणि जेथे सपाट होते तेथे ते घटते. एका ठिकाणी दिलेले दुसऱ्या ठिकाणाहून घ्यावे लागते. छटांची एकूण रक्कम तेवढीच राहते. म्हणून चित्रातील महत्त्वाची गोष्ट कोणती, हे आधी ठरवावे. तट महत्त्वाचा असेल, तर तटाच्या छटांना अधिक जागा द्यावी आणि पाण्याने थोडे सोसावे.

टोके ठरवताना अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास बांधलेली झोन पद्धत उपयोगी पडते. त्यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा टप्पे कल्पिले. पाचवा टप्पा मधला करडा. ज्या सावलीत पोत दिसायला हवा ती तिसऱ्या टप्प्यावर ठेवावी. ज्या उजळ भागात पोत हवा तो सातव्या-आठव्याच्या पुढे जाऊ देऊ नये. किल्ल्याच्या चित्रात तटाच्या सांध्यांतील सावली तिसऱ्यावर, उन्हातले चिरे पाचव्या-सहाव्यावर आणि ढग सातव्या-आठव्यावर ठेवले, की चित्र उभे राहते. शून्य आणि दहा यांना अगदी थोडी जागा पुरते.

अखेरीस स्थानिक दुरुस्ती. अंधाऱ्या खोलीत काम करणारे जुने छायाचित्रकार कागदावर प्रकाश पडत असताना हाताच्या सावलीने एखादा भाग उजळ राखत किंवा जास्त वेळ प्रकाश देऊन गडद करत. तेच काम आता मऊ कडेच्या मोठ्या ब्रशने, अगदी हलक्या दाबाने होते. दाब वाढला, की तटाच्या वरच्या कडेभोवती पांढरी प्रभावळ उमटते आणि हात लावल्याचे लगेच दिसते.

या साऱ्याला एक अपवाद आहे. छटांचा विस्तार जितका मोठा तितके चित्र चांगले, असा समज पुष्कळांचा असतो. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात धुके उतरले, की तेथे खरा काळा आणि खरा पांढरा नसतोच. सारा देखावा मधल्या चार-पाच टप्प्यांत वावरतो. अशा चित्राचा हिस्टोग्राम मध्येच दाटलेला दिसतो, आणि नवशिका त्याची दोन्ही टोके ओढून भिंतीला लावतो. त्याबरोबर धुके नाहीसे होते. झाडे काळी ठिक्कर पडतात आणि ओलावा उडून जातो. तेथे अरुंद छटा हीच खरी नोंद असते. चित्रातील विस्तार देखाव्याशी जुळावा, साधनाच्या कमाल मर्यादेशी नव्हे.

दिनदर्शिकेचा शेवटचा अडथळा छापखान्यात आला. पडद्यावर प्रकाश आतून येतो; कागदावर तो परतून येतो. चकचकीत नसलेल्या कागदावर काळी शाई खोल काळी दिसत नाही आणि शाईचे ठिपके पसरल्यामुळे मधल्या छटा गडद होतात. पहिल्या नमुना प्रतीत तटाच्या सांध्यांतील सावली सगळी मिटली होती. नातवाने कर्व्हमध्ये सावलीची बाजू किंचित उचलली आणि मधल्या छटा थोड्या उजळ केल्या. पडद्यावर चित्र काहीसे फिके वाटले, पण दुसऱ्या नमुन्यात चिरे दिसू लागले. चार रंगांच्या मिश्रणातून करडा छापला तर शाईच्या थोड्या असमतोलानेही त्यावर हिरवट किंवा तांबूस झाक येते, हे ऐकून त्यांनी केवळ काळ्या शाईत छपाई करवली. दोन नमुन्यांचा खर्च आला. पाचशे प्रती वाया जाण्याच्या तुलनेत तो नगण्य होता.

दिनदर्शिकेवर किल्ला आला. सड्यावरील गडग्याचे चित्र आजोबांनी वेगळे मोठे करवून दुकानात गल्ल्याच्या मागे लावले. तो सडा ज्यांचा आहे, ते तेथे केव्हा घर बांधतील आणि गडगा केव्हा निघेल, हे सांगता येत नाही. उद्या कोणी विचारले, की येथे पूर्वी काय होते, तर त्या चित्राकडे बोट दाखवता यावे. आणि दाखवताना मनात किंतु नसावा. चित्रातील प्रत्येक छटा त्या दुपारी सड्यावर खरोखरच जमा झाली होती, एवढे सांगता आले म्हणजे ताळेबंद जुळला.